टेबलावर पळती, जमिनीवर रडती : आर्डुइनोच्या एका गाडीचं प्रकरण

आधीच सांगतो, ही काही यशोगाथा वगैरे नाही. पाच शनिवार गेले, एक बोर्ड मेला, एका मल्टिमीटरचा फ्यूज उडाला, आणि शेवटी जे कारण निघालं ते आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मला मात्र सुचलं नाही आणि मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स. सगळं सविस्तर लिहायलो ते यासाठी की लेकरांना आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गाड्या करायला शिकवणाऱ्या तीन-चार ओळखीच्यांनी फोनवर मला अगदी हीच तक्रार सांगितलीय, "टेबलावर पळती सर, जमिनीवर ठेवली की रडती", आणि प्रत्येकजण कोडच उकरत बसलेला होता.

मी परभणीत सीसीटीव्ही नि इन्व्हर्टरची कामं करतो. मानवतच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या हायस्कूलचे हेडसर ओळखीचे, त्यांच्या मागं लागण्यामुळं दिवाळीनंतर दर शनिवारी क्लास सुरू केला. शनिवारची शाळा सकाळची, साडेअकराला सुटते, मग दीड-दोन तास आमचे. नववीची २२ लेकरं, पाच गट. शाळेत अटल टिंकरिंग लॅब नाही (नीती आयोगाची ती योजना २०१६ पासूनची, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात), त्यामुळं आमचं सामान वर्गणीतलं, पाच किट ऑनलाइन मागवलेले आणि लॅपटॉप दोन, त्यातला एक माझाच. लाईट गेली की माझ्या लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत क्लास.

गाडीत काय होतं

नेहमीचीच ती अडथळा टाळणारी गाडी. ॲक्रिलिकची पाटी, चार पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, वर आर्डुइनो उनो (ओरिजिनल नाही, सीएच३४० चिपवाला क्लोन), मोटरी चालवायला एल२९८एन चा लाल बोर्ड, पुढं आवाज सोडून अंतर मोजणारा, डोळ्यांसारखा दिसणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि त्याची मान फिरवायला छोटा निळा सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर). काम सोपं होतं, सरळ जा, २० सेंटिमीटरच्या आत काही आलं की थांब, मागं सरक, डावी-उजवी बघ आणि जिकडं मोकळं तिकडं वळ. सेन्सरचं गणित लेकरांना लई आवडलं कारण विहिरीत हाक मारून आवाज परत यायची वाट बघणं सगळ्यांनीच केलेलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक सेंटिमीटर जाऊन परत यायला ५८ मायक्रोसेकंद, सेन्सरनं मोजलेल्या वेळेला ५८ नं भागलं की सेंटिमीटर. हे गणित त्यांनी फळ्यावर स्वतः काढलं, मला फार बोलावं लागलं नाही.

आता किटमधली बॅटरी. चौकोनी ९ व्होल्टची, भजनी मंडळाच्या कॉर्डलेस माइकमधे घालतात ना तीच. किटमधे तिची टोपी आलेली, चित्रात तीच जोडलेली, म्हणून आम्हीही तीच जोडली. बॅटरीतून एल२९८एन ला, आणि एल२९८एन वर ५ व्होल्ट करून देणारा रेग्युलेटर असतो त्यातून उनोला. म्हणजे मोटरी आणि मेंदू एकाच बॅटरीवर. हे वाक्य लक्षात ठेवा.

कोड मी तयार दिलेला. कोडच्या सुरुवातीच्या भागात, सेटअपमधे, मी २ सेकंदांचा डिले (थांबा) टाकला होता, का तर गाडी खाली ठेवून हात काढून घ्यायला वेळ मिळावा. हाही लक्षात ठेवा, शेवटी सगळं त्यानंच उघडं पाडलं.

पहिली टेस्ट टेबलावर. केबल लॅपटॉपला, गाडी जेवणाच्या डब्यावर उचलून ठेवलेली, चाकं हवेत. एकदम झकास. समोर हात धरला की थांबायली, मान फिरवायली, उलटी फिरायली, टाळ्या पडल्या. मग केबल काढली, गाडी व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर ठेवली. घुं असा आवाज, चार बोटं पुढं, बंद. थोड्या वेळानं परत घुं, चार बोटं, बंद. पालखी जशी दर घरापुढं थांबती तशी. पाचही गटांचं तेच, फक्त एकाची जरा लांब जायची कारण त्यांची बॅटरी नवीकोरी होती, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी घातलेला घोळ

इथं मी जे केलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मी म्हणालो, "कोड बघा, कुठंतरी अट चुकली असंल." का म्हणालो? कारण कोड दिसतो. स्क्रीनवर असतो, बोट ठेवता येतं, आणि शिकवणाऱ्याला त्यात आपली हुशारीही दाखवता येते. वायरीत काय चाललंय ते दिसत नाही.

मग दोन शनिवार लेकरांनी कोडची पार चाळण केली. २० सेंटिमीटरचे १० केले, कारण वाटलं सेन्सरला फरशीच अडथळा दिसायलीय. सेन्सर वर तोंड करून लावला. एका गटानं सेन्सरचा कोडच काढून टाकला, फक्त 'पुढं जा' ठेवलं, तरी गाडी झटके खायलीच. इथंच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती, सेन्सर नसताना गाडी थांबती म्हणजे थांबा म्हणून कोडनं सांगितलेलंच नाही. पण तेव्हा दुसऱ्या गटाचा वेगळाच लफडा समोर आला, त्यांची गाडी एकाच बाजूनं फुल स्पीडनं पळून गोल गोल फिरायली, मी तिकडं गेलो. (त्यांचं कारण सांगून ठेवतो, कुणाला तरी कामाला येईल. त्यांनी मोटरचा स्पीड पिन १० वरून देलता, आणि उनोवर सर्वोची लायब्ररी वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवर ॲनालॉगराइटचं पीडब्ल्यूएम (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा, झपाट्यानं चालू-बंद होणारा सिग्नल) चालत नाही. कोड बरोबर, वायर बरोबर, पिन चुकीची. ५ आणि ६ वर नेलं की झालं.)

बोर्ड मेला तो याच काळात. एका पोरानं विचार केला की पॉवर कमी पडायली असंल तर डायरेक्ट देऊ, आणि ९ व्होल्टची बॅटरी उनोच्या ५ व्होल्ट पिनला लावली. त्या पिनवर मधे रेग्युलेटर नसतो, वीज थेट चिपला जाते. धूर नाही, वास नाही, नुसता गार पडला. मी त्याच्यावर ओरडलो आणि आता वाईट वाटतं, कारण त्या दिवशी अख्ख्या वर्गात खऱ्या कारणाच्या सगळ्यात जवळ तोच होता.

पाच सेकंद

तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट घडली. एका गटात एक पोरगी आहे, कमी बोलती, सगळं वहीत लिहिती. तिनं मोबाईलच्या स्टॉपवॉचवर झटक्यांमधली वेळ लिहून काढली होती, दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन सेकंदांच्या आसपास. ती म्हणाली, "सर, दर खेपंला दोनच कामून?"

कोडमधे दोन सेकंद एकाच ठिकाणी होते, सेटअपमधे. मी म्हणालो तिथं ५००० कर. केलं, अपलोड, खाली ठेवली. घुं, बंद, आणि मग सगळे जण मोठ्यानं मोजायला लागले, एक, दोन, तीन, चार, पाच, घुं.

आता सेटअप म्हणजे काय हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं, बोर्ड चालू झाला की एकदाच चालतं, मग लूप फिरत राहतं. जत्रंतला पाळणा जसा, तिकीट एकदाच काढायचं, मग गोल गोल. इथं तर दर फेरीला तिकीट काढायलं होतं. म्हणजे बोर्ड दर वेळी मरून परत जिवंत व्हायला होता. खात्री करायला सेटअपमधे १३ नंबरच्या एलईडीचे तीन फटाफट ब्लिंक टाकले. दर झटक्यानंतर तीन ब्लिंक. रीसेट. केबल लावून सिरीयल मॉनिटरवर (बोर्डानं पाठवलेलं लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) हे कधीच दिसलं नसतं, कारण केबल लावली की बोर्डाला लॅपटॉपची वीज मिळते आणि रोगच गायब होतो.

टेबलावरून जमिनीवर येताना आम्ही एका दमात दोन गोष्टी बदलल्या होत्या, केबल काढली आणि चाकांवर वजन आणलं. केबल काढून गाडी डब्यावरच ठेवून बघितली असती तर पहिल्याच दिवशी अर्धं कळलं असतं.

पण रीसेट का? तेव्हा मागून आवाज आला, "सर, डीपीवर लोड आलाय."

हसले सगळे. डीपी म्हणजे गावातला लाईटीचा ट्रान्सफॉर्मर. हे पोरगं म्हणजे गावात ज्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं. दोन शनिवार आलंच नव्हतं, कापूस वेचायला जायचं. कोडमधे त्याचं स्पेलिंग कधी जुळायचं नाही, डिजिटलराइट मधला मोठा डब्ल्यू तो दर वेळी लहान काढायचा, कोड चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर लाल व्हायचा आणि हा वही मिटून बसायचा. मीही त्याला कच्च्यातच धरलेलं होतं. म्हणालो, "नीट सांग."

त्यानं सांगितलं ते जवळपास असं. रात्री शेतीची लाईट येती. सगळ्यांच्या मोटरींना ऑटो लावलेला. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदमच उठतात. मोटर पळत असताना जेवढी ओढती त्याच्या कितीतरी पट उठताना ओढती, म्हणून तर स्टार्टर असतो. सगळ्यांनी एकदम ओढलं की व्होल्टेज बसतं, घरातला बल्ब लाल पडतो, आणि लईच झालं तर डीपीचा डिओ (फ्यूज) उडतो. लाईनमन येऊन टाकतो, परत सगळे ऑटो एकदम, परत उडतो. "तसंच हाय सर हे. बॅटरी म्हंजे डीपी. चार मोटरी एकदम उठायल्यात. आन् ह्यो बोर्ड म्हंजे घरातला बल्ब."

मी गप्प झालो. एक शब्द बदलायचा नव्हता त्यात. मोटर थांबलेली असते तेव्हा तिच्यात उलटं व्होल्टेज तयार झालेलं नसतं, फक्त तारेचा रेझिस्टन्स तेवढा आडवा, त्यामुळं सुरुवातीला करंट सगळ्यात जास्त, मग फिरायला लागली की कमी होत जातो. ९ व्होल्टच्या स्वस्त बॅटरीच्या आत स्वतःचाच रेझिस्टन्स एवढा असतो की जास्त करंट मागितला की व्होल्टेज तिच्या पोटातच संपतं. बोर्डाचं व्होल्टेज खाली गेलं की उनोच्या एटीमेगा३२८पी चिपमधे ब्राउनआउट म्हणून पहारेकरी असतो, तो २.७ व्होल्टच्या खाली गेलं की चिपला रीसेटमधे टाकतो. चिप रीसेट झाली की मोटरींना जाणारे सिग्नल बंद, मोटरी थांबल्या, लोड गेला, बॅटरी सावरली, चिप उठली, दोन सेकंद थांबली, परत चारही मोटरी एकदम. डिओचीच गोष्ट.

खड्डा मोजायचा कसा

मला वाटलं कळलं, आता बॅटरी बदलू नि पुढं जाऊ. हेडसर म्हणाले, "लेकरांना दाखवा की खरंच बसतंय का, का नुसतं ऐकून मान हलवायची?" बरोबर होतं त्यांचं. पुढचा शनिवार मोजण्यात गेला आणि माझ्या मते अख्ख्या क्लासमधला तोच सगळ्यात भारी शनिवार.

आधी करंट. एका गटानं घाईत मीटरची लाल वायर आहे त्याच भोकात ठेवून मोटरीच्या लाईनीत घातला, २०० मिलिअँपचा फ्यूज गेला. दुसऱ्या मीटरवर वायर १० अँपच्या भोकात बदलून लावली. एक बीओ मोटर मोकळी फिरताना आमच्या मीटरवर दीडशे-पावणेदोनशे मिलिअँप, आणि बोटानं चाक धरून ठेवलं की सातशेच्या पुढं. म्हणजे चौपट. वाइंडिंगवाला पोरगा घरून बापाचा टोंग टेस्टर घेऊन आलेला, त्यानं वायरीला अडकवला तर शून्य. त्याचा चेहराच पडला. तो टेस्टर फक्त एसीचा, बदलत्या करंटच्या चुंबकावर चालणारा, आपली बॅटरी डीसी. मग त्यावर दहा मिनिटं गेली, पण ती वाया नाही म्हणणार मी, एसी-डीसी हे पुस्तकात वाचलेले दोन शब्द त्या दिवशी कशाचेतरी झाले.

व्होल्टेजचं अवघड होतं. मीटरवर बघितलं तर ९.३ चं ७ च्या आसपास आलं नि परत गेलं. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि मोटर उठायचा तो क्षण सेकंदाच्या दहाव्या भागाचा. मग दुसरा उनो घेतला, त्याला लॅपटॉपवरून पॉवर, आणि त्यालाच मीटर बनवला. त्याची पिन ५ व्होल्टपर्यंतच सहन करते म्हणून दोन १० किलोओहमचे रेझिस्टर लावून बॅटरीचं व्होल्टेज निम्मं करून ए० पिनला, दोन्हीकडचा ग्राउंड (उणे बाजू) एकत्र. ॲनालॉगरीड ० ते १०२३ आकडा देतं, १०२३ म्हणजे ५ व्होल्ट, मग दुप्पट करायचं. एक वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदात होतं म्हणजे वेगाचा प्रश्न नाही, प्रश्न छापण्याचा, ९६०० च्या स्पीडवर सिरीयल छापत बसलं तर क्षण निघून जातो. म्हणून आधी ४०० वाचनं ॲरेमधे (मेमरीतली आकड्यांची यादी) भरायची, मिलिसेकंदाला एक, आणि मग निवांत छापायची. एकानं हौसेनं ॲरे २००० चा केला, कंपायलरनं हात वर केले. का? एक इंट (पूर्ण आकडा) २ बाइटचा, २००० चे ४००० बाइट, आणि उनोची रॅम सगळी मिळून २ केबी. मेमरी संपते म्हणजे काय हे मी कधी शिकवणारच नव्हतो, आपोआप झालं.

सिरीयल प्लॉटरवर रेघ आली. सरळ, सरळ, आणि मग धप्पकन खड्डा. सगळ्यात खालचा आकडा ३.९ व्होल्ट. (लॅपटॉपचा ५ व्होल्ट नेमका ५ नसतो त्यामुळं पॉइंट एक-दोन इकडंतिकडं धरा.) एल२९८एन वरच्या रेग्युलेटरला ५ बाहेर द्यायला आत ७ च्या आसपास लागतात, ३.९ मधून बोर्डाला काय कप्पाळ मिळणार. ती वहीवाली पोरगी उठली आणि फळ्यावर शिवार काढलं, डीपी, तार, चार मोटरी, एक घर. त्याच चित्रावर तिनं खालच्या बाजूला बॅटरी, वायर, एल२९८एन, उनो असं लिहिलं. हे चित्र मी फोटो काढून ठेवलंय.

स्टार्टर

उपायाला लेकरांनी स्वतःच क्रम लावला आणि मी मधे पडलो नाही, फक्त सुरक्षेपुरता.

पहिला उपाय, दोन डीपी. मोटरी बॅटरीवर आणि बोर्ड मोबाईलच्या पॉवर बँकवर. जोडलं, तर आता गाडी हललीच नाही, बोर्ड जिवंत, एलईडी ब्लिंक, मोटरी मुक्या. मला कारण माहीत होतं पण तोंड मिटून बसलो. पाच मिनिटांनी वाइंडिंगवालाच म्हणाला, "न्यूट्रल कुठाय सर?" पॉवर बँकचा आणि बॅटरीचा ग्राउंड जोडलेलाच नव्हता. बोर्ड म्हणतो ५ व्होल्ट, पण कशाच्या तुलनेत ५, हे एल२९८एन ला कळायला दोघांचं शून्य एक पाहिजे. न्यूट्रलची उपमा शंभर टक्के बरोबर नाही, गावात न्यूट्रल तुटला तर व्होल्टेज वाढून टीव्ही जळतो, इथं नुसतं गप्प बसलं, पण एक वायर राहिलीय हे त्याला त्यातूनच सुचलं, मी दुरुस्ती करायला गेलो नाही. वायर जोडली, गाडी चालली. पाच गटांत मोठा दंगा. पण अर्ध्या मिनिटानं परत बंद, कारण कित्येक पॉवर बँका करंट फारच कमी ओढला गेला की मोबाईल भरला समजून स्वतःच बंद होतात. ते हसण्यावारी गेलं.

दुसरा उपाय कोडमधला आणि तो मला सगळ्यात आवडतो. मोटर एकदम फुल द्यायची नाही, चढवत न्यायची. ॲनालॉगराइटनं ८० पासून २०० पर्यंत, दर पायरीला काही मिलिसेकंद. ८० च्या खाली आमच्या मोटरी नुसत्या गुणगुणायच्या, हलायच्या नाहीत, म्हणून सुरुवात तिथून. फंक्शनचं नाव त्यांनी ठेवलं स्टार्टर. आणि उलटं जाताना आधी पूर्ण थांबा, २०० मिलिसेकंद दम, मग मागं, कारण पळत्या मोटरीला एकदम उलटं फिरवलं की तिचं स्वतःचं तयार झालेलं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमधे मिळतं आणि उठतानापेक्षाही जास्त करंट जातो. हे फंक्शन वाइंडिंगवाल्यानं लिहिलं. मोठा डब्ल्यू एकदा चुकला, दुसऱ्यांदा नाही.

तिसरा, कंडेन्सर. हा शब्द त्याचाच, आपण कपॅसिटर म्हणतो. महावितरण शेतीपंपांना कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असतं ते त्याला पक्कं माहीत, मग इथं का नाही? बसवला, १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा, बोर्डाच्या ५ व्होल्ट लाईनीवर. पण काम वेगळं हे मात्र मी खोडून सांगितलं, शेतातला कपॅसिटर एसी मोटरीचा पॉवर फॅक्टर सुधारतो, आपला म्हणजे दारातला रांजण, नळ गेला तर थोडा वेळ भागवणारा. आणि याला उलटं लावायचं नाही, उणे पट्टी उणेलाच, नाहीतर फाट्कन फुटतो.

एवढं करून त्याच ९ व्होल्टच्या बॅटरीवर परत खड्डा मोजला. साडेपाचच्या आसपास. गाडी पुढं जायली व्यवस्थित, पण वळताना चाकं फरशीवर घासतात तेव्हा अधूनमधून रीसेट, आणि पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी झोपली. शेवटी दोन १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले लिथियमचे) सिरीजमधे, होल्डर नि प्रोटेक्शन बोर्डासकट घेतले. फुल चार्ज ८.४ व्होल्ट, एल२९८एन मधे दोनेक व्होल्ट खाल्ले जातात (जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर आहे तो, खाणारच), मोटरीला सहा उरतात, बीओ मोटरीला तेवढंच पाहिजे. त्यावर खड्डा ८.१ चा ७.३. एका पोराचा मामा मोबाईल रिपेअरिंग करतो, तो जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल फुकट द्यायला तयार होता. मी नाही म्हणालो. ते सेल कुठल्या अवस्थेत आहेत कळत नाही, शॉर्ट झाला तर आग, आणि ही लेकरं गाडी दप्तरात घालून सायकलवर नेतात. त्यावर थोडी नाराजी झाली, होऊ दे.

खर्च म्हणाल तर सेल, होल्डर, चार्जर धरून गटाला किटच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा वाढला. किट विकणाऱ्यानं त्या टोपीऐवजी चार साध्या सेलचा डबा जरी दिला असता तर महिना वाचला असता, पण मग हे सगळं झालंही नसतं, त्यामुळं त्याला शिव्या द्याव्यात का नाही माझं ठरत नाही.

आता मी बदललंय काय ते. नव्या बॅचला कोडच्या आधी मल्टिमीटर देतो, पहिल्या दिवशी घरातले सगळे सेल, बॅटऱ्या, चार्जर मोजून आणा म्हणतो. तयार कोड देत नाही, दिला तर त्यात सेटअपचे तीन ब्लिंक सक्तीचे. आणि हजेरीत कच्चा-पक्का असा मनात लावलेला रकाना काढायचा प्रयत्न करायलोय, जमतोच असं नाही.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गाडी नेली. भिंत, खुर्ची, परीक्षकांचे बूट, सगळं टाळलं. गावात परत आल्यावर मात्र एका घरी दाखवायला नेली तर ओसरीत वेचून टाकलेल्या कापसाच्या ढिगात सरळ घुसली आणि चाकात सरकी अडकून बसली. चार वेळा लावली, चारही वेळा घुसली. रीसेट नाही, तीन ब्लिंक नाहीत, व्होल्टेज ठीक. वहीवालीनं सेन्सरचे आकडे छापून बघितले, ढिगासमोर अंतर कधी १८०, कधी शून्य. कापूस आवाज गिळतो, परत देत नाही. विहीर असती तर हाक परत आली असती. सध्या पोरं ढिगासमोर पत्र्याचा तुकडा, पोतं, ओलं पोतं, गोधडी असं एकेक धरून वहीत आकडे लिहायलीत, आणि वाइंडिंगवाल्याचं म्हणणं आहे की पुढं सायकलची जुनी तार मिशीसारखी लावू, ती टेकली की स्विच दबंल. पुढच्या शनिवारी लाईट असली तर करून बघू.